भांग नीट काढलेली पुस्तकं

चित्रपुस्तकात रात्रीचं पान आलं की आधी मुलीच्या डोक्याकडे बघावं. आफ्रिकन-अमेरिकन घरातली दाट कुरळ्या केसांची मुलगी सहसा तशीच उशीवर डोकं टेकत नाही. ती सॅटिनचं बोनेट, म्हणजे केस झाकणारी झोपायची सैल टोपी, घालते, नाहीतर केसांना रेशमी रुमाल बांधते. सुती अभ्रा केसांतला ओलावा शोषून घेतो, रात्रभर घासून केस तुटतात आणि आईने रविवारी दोन-तीन तास बसून घातलेल्या वेण्या बुधवारपर्यंत पिंजारतात. चित्रकाराला हे ठाऊक असेल तर पानावर बोनेट येतं आणि मजकुरात त्याबद्दल एक शब्दही नसतो. ठाऊक नसेल तर मुलगी उशीवर केस मोकळे सोडून झोपते. मग ज्या चार वर्षांच्या पोरीसाठी ते पुस्तक काढलेलं असतं, तिला कळायचं ते कळतं: ही आपल्यातली नाही.

कृष्णवर्णीय मुलांना स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून काढलेल्या पुस्तकांचा अमेरिकेत सध्या तुटवडा नाही. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर तर अशा पुस्तकांना एकदम मागणी आली. जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची, प्रत्येक पानावर एक वाक्य असलेली: मी शूर आहे, मी हुशार आहे, माझा रंग सुंदर आहे. हेतूबद्दल तक्रार नाही. पण या सगळ्या प्रकारात हीच पुस्तकं मला सगळ्यांत कच्ची वाटतात. ‘तू सुंदर आहेस’ असं उठसूट सांगावं लागतं, तेव्हा त्यात कुणालातरी शंका आहे हे मुलाला समजतंच. मूल सांगण्यावर विसंबत नाही, ते दाखवलेलं बघतं. केसांचा भांग कुठून काढलाय, आजीच्या हाताचे तळवे कोणत्या रंगाचे आहेत, न्हाव्याकडे वळायची पाळी आली की मामा कसा बसतो. हे बरोबर असेल तर पुस्तकाने आत्मसन्मान हा शब्द उच्चारला नाही तरी चालतं.

केसांचंच घ्या, कारण या पुस्तकांचं निम्मं रणांगण तेच आहे. घट्ट वेटोळ्यांचे केस कोरडे असताना विंचरायचे नसतात. आधी पाण्याच्या फवाऱ्याने ओले करायचे, भरपूर कंडिशनर लावायचं, डोक्याचे चार किंवा जास्त भाग करून प्रत्येक भाग चिमट्याने वेगळा धरायचा. मग मोठ्या दातांचा कंगवा घेऊन टोकाकडून सुरुवात करायची आणि गुंता सोडवत हळूहळू मुळाकडे यायचं. मुळापासून ओढलं तर केस तुटतो आणि पोरगी किंचाळते. ओले केस खांद्यापर्यंत येतात आणि वाळले की आखडून कानापाशी येऊन बसतात. अर्ध्याहूनही कमी लांबी दिसणं यात काही नवल नाही. त्यानंतर दोन पदरी पीळ, टाळूला चिकटून जाणाऱ्या वेण्या म्हणजे कॉर्नरो, छोट्या अंबाड्यांसारखे बांटू नॉट, किंवा दोन्ही बाजूंना गोंड्यासारखे फुलवलेले पफ. एवढ्या वेळात पोरगी आईच्या गुडघ्यांमध्ये बसलेली असते, टीव्ही चालू असतो, मान वाकडी झाली की कंगव्याच्या पाठीने एक हलकी टिचकी बसते. या एका बैठकीत जितकं नातं आहे तितकं दहा पानांच्या घोषणांत मावणार नाही. म्हणूनच वडील मुलीचे केस विंचरायला शिकतात एवढ्याच गोष्टीवर बेतलेलं ‘हेअर लव्ह’ हे २०१९चं पुस्तक घराघरांत गेलं. त्याच नावाच्या लघुपटाला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं.

चित्रकार घसरतात ते ठरलेल्या जागी. कुरळे केस म्हणजे पेन्सिलीने गिरगटलेला काळा ढग. कॉर्नरो म्हणजे डोक्यावर ओढलेले नुसते काळे पट्टे, मधली टाळू दिसतच नाही, म्हणजे भांगच नाही. प्रत्येक मुलीला तेच ते दोन पफ. आणि सगळ्यांत फसवी चूक ही की नायिकेचे केस मोकळ्या, लांबट, लोंबणाऱ्या कुरळ्यांचे आणि वर्ण दुधातल्या कॉफीचा. नाव ‘काळ्या मुलींचा गौरव’, आणि निवडलेली मुलगी काळेपणाच्या सगळ्यांत उजळ टोकावरची. वर्गातली गडद रंगाची, आखूड घट्ट केसांची मुलगी ते पुस्तक हातात घेते तेव्हा तिला पुन्हा तेच समजतं, फक्त आता घरच्यांच्या तोंडून.

आणि सगळं बरोबर असूनही पुस्तक कसं आपटतं, याचं एक उदाहरण १९९८ सालचं आहे. ब्रुकलिनच्या बुशविक भागातल्या एका सरकारी शाळेत तिसरीच्या गोऱ्या शिक्षिकेने वर्गात कॅरोलिव्हिया हेरॉन यांचं ‘नॅपी हेअर’ वाचून दाखवलं. लेखिका स्वतः कृष्णवर्णीय. गोष्टीत परसातल्या मेजवानीला सगळं गोत जमलंय आणि मॉर्डेकाय काका छोट्या ब्रेंडाच्या केसांची महती गातोय: जगात असे घट्ट, असे हट्टी केस कुणाचेच नाहीत, आणि ते देवाने मुद्दाम तसे घडवलेत. एकजण बोलतो, बाकीचे मध्येमध्ये ओरडून दाद देतात, अशी ती रचना. चर्चमधल्या प्रवचनात चालतं तसं. पण ज्या ‘नॅपी’ या शब्दाने ते केस ओळखले जातात तो पिढ्यान्‌पिढ्या शिवीसारखा वापरलेला शब्द. मुलांना आवडलं म्हणून पानांच्या झेरॉक्स घरी गेल्या. रंग गेला, आवाज गेला, पुढचंमागचं गेलं. कुणाच्यातरी हाती उरली ती काळ्यापांढऱ्या कागदावरची एका काळ्या मुलीच्या विस्कटलेल्या केसांची चित्रं आणि वर तो शब्द. शाळेच्या सभागृहात माणसं जमली, शिक्षिकेला धमक्या आल्या. आरडाओरडा करणाऱ्यांतल्या बहुतेकांची मुलं तिच्या वर्गात नव्हतीच. शेवटी तिने ती शाळा सोडली.

या प्रकरणात कोण बरोबर हे ठरवण्यापेक्षा काय बिघडलं ते बघणं जास्त उपयोगाचं. पुस्तक एकट्याने सपाट आवाजात वाचायचं नव्हतंच. ते दोन-तीन आवाजांत म्हणायचं होतं. घरी पाठवायचंच तर अख्खं पुस्तक पाठवायला हवं होतं, आणि त्याआधी पालकांना बोलावून एकदा वाचून दाखवायला हवं होतं. झेरॉक्सने जेवढं नुकसान केलं तेवढं पुस्तकाने केलं नाही. त्या पालकांचा संताप मात्र हवेतून आलेला नव्हता. केसांवरून मुलांना शाळेतून घरी पाठवणं, नोकरी नाकारणं हे इतकं नेहमीचं होतं की केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करण्याविरुद्धचा ‘क्राउन’ कायदा कॅलिफोर्नियाने केला तो थेट २०१९ मध्ये. असा कायदा करणारं ते पहिलंच राज्य.

ही लढाई सोशल मीडियाच्या जमान्यात सुरू झाली असं वाटत असेल तर शंभर वर्षं मागे जायला हवं. जानेवारी १९२० मध्ये न्यूयॉर्कहून ‘द ब्राउनीज बुक’ नावाचं मासिक निघालं. किंमत पंधरा सेंट, वर्षाची वर्गणी दीड डॉलर. काढणारे कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहून ज्यांच्याकडे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या, तेच हे. साहित्याची बाजू जेसी फॉसेट सांभाळत, आणि अंकाचा खरा कणा त्याच होत्या. मासिकामागचं कारण अस्वस्थ करणारं आहे. डू बॉइस ‘द क्रायसिस’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या मासिकाचे संपादक होते आणि त्यात लिंचिंगच्या, म्हणजे जमावाने केलेल्या हत्यांच्या, बातम्या छापणं भाग होतं. त्या बातम्या घरातली मुलंही वाचत. बारा वर्षांच्या एका मुलीने पत्र पाठवलं की गोरा माणूस माझा जितका द्वेष करतो तितकाच, कदाचित जास्तच, मी त्याचा करते. या मुलांना खरं तर सांगायचं, पण द्वेषावर वाढवायचं नाही, हा पेच होता. नव्या मासिकाची उद्दिष्टं त्यांनी जाहीर केली तेव्हा पहिलंच होतं की आपला वर्ण ही एक साधी आणि सुंदर गोष्ट आहे हे मुलांना उमगावं. क्रम बघा, साधी आधी आणि सुंदर नंतर. त्यांतलं ‘साधी’ आजची पुठ्ठ्याची पुस्तकं विसरतात.

अंकात काय काय असे? जगभरच्या घडामोडी सांगणारं एक सदर होतं, त्यात एक कावळा पृथ्वीभोवती घिरट्या घालत बातम्या आणतो. काळा पक्षी, आणि सगळ्यांत शहाणा तोच. मुलांच्या पत्रांचं एक पान, मोठ्यांच्या पत्रांचं वेगळं. शाळेत चमकलेल्या, पियानो वाजवणाऱ्या, नुसत्याच गोड दिसणाऱ्या खऱ्याखुऱ्या मुलांचे फोटो. हे फोटो आज किरकोळ वाटतील, पण तेव्हा छापील पानावर काळं मूल म्हणजे कलिंगड खाणारं, डोळे वटारलेलं व्यंगचित्र असायचं. पुढे मोठा कवी झालेल्या, तेव्हा विशीही न गाठलेल्या लँग्स्टन ह्यूजच्या सुरुवातीच्या कविता याच मासिकात १९२१ साली छापून आल्या. वर्गणीदार पुरेसे मिळाले नाहीत, आणि चोवीस अंकांनंतर, डिसेंबर १९२१ मध्ये ते बंद पडलं.

व्यंगचित्रांचं निघालंच आहे तर आपल्याकडचा एक धागा इथे आहे. अमेरिकेत काळ्या मुलांना चिडवायला ज्या पुस्तकातल्या नायकाचं नाव सर्रास वापरलं गेलं, ते ‘लिटल ब्लॅक सँबो’ हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंनी १८९९ साली लिहिलं. त्या वेळी त्या मद्रास इलाख्यात राहत होत्या, नवरा इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये. गोष्टीत वाघ आहेत आणि ते एकमेकांभोवती गरगर फिरून वितळतात त्याचं तूप होतं, चक्क ‘घी’. म्हणजे गोष्ट भारतातली, नाव आणि चेहरा मात्र थट्टेतल्या काळ्या माणसाचा. अमेरिकेतल्या अनेक आवृत्त्यांनी नवी चित्रं काढून त्याला सरळ दक्षिणेतल्या मळ्यांवर नेऊन बसवलं. आपल्या मातीतल्या गोष्टीने भलत्याच पोरांना किती वर्षं छळलं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

मुलांवर या सगळ्याचा परिणाम होतो, हे मोजून दाखवलं मेमी आणि केनेथ क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने. मूळ काम मेमींचं, हॉवर्ड विद्यापीठातल्या त्यांच्या एम. ए.च्या प्रबंधातून निघालेलं. चार बाहुल्या, सगळ्यांना फक्त लंगोट, ठेवण एकसारखी. दोन तपकिरी, दोन गोऱ्या. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांना एकेक करून सांगायचं: खेळायला आवडेल ती बाहुली दे, छान बाहुली दे, वाईट दिसते ती दे, छान रंगाची दे. सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी उचलली आणि निम्म्याहून जास्त मुलांनी वाईट म्हणून तपकिरी. सूचनांचा क्रम मुद्दाम तसा होता, आवडीनिवडी आधी आणि ‘तुझ्यासारखी दिसते ती दे’ सगळ्यांत शेवटी. नुकतीच जिला वाईट म्हटलं तिच्याकडे आता बोट दाखवायचं. काही मुलं तिथे रडली, काही उठून गेली. शाळांमधली वर्णावरची विभागणी घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४च्या निकालात हे काम पुराव्यांमध्ये होतं. याच जोडप्याची दुसरी चाचणी कमी सांगितली जाते: मुलांना खडू देऊन स्वतःचं चित्र रंगवायला सांगायचं. बरीच मुलं स्वतःला होती त्यापेक्षा उजळ रंगवत. खडूच्या डबीत तरी काय होतं? क्रेयोलाच्या फिकट गुलाबीसर खडूचं नावच ‘फ्लेश’ होतं, म्हणजे कातडीचा रंग. ते बदलून ‘पीच’ झालं १९६२ साली. कातडीच्या चोवीस छटांची वेगळी पेटी आली ती २०२० मध्ये.

त्याच १९६२ मध्ये ‘द स्नोई डे’ हे चित्रपुस्तक आलं. लाल कोट घातलेला पीटर बर्फात बाहेर पडतो, काठीने झाडावरचा बर्फ पाडतो, एक गोळा खिशात घालून घरी आणतो आणि तो वितळतो. संपली गोष्ट. चित्रकार-लेखक एझ्रा जॅक कीट्स ब्रुकलिनचे, ज्यू, गोरे. ‘लाइफ’ मासिकातली एका काळ्या मुलाची फोटोंची पट्टी कापून त्यांनी वीसेक वर्षं जपून ठेवली होती. पीटर त्यातून आला. कागद-कापडाच्या कोलाजमधलं हे पुस्तक चित्रपुस्तकांसाठीचं १९६३ सालचं कॅल्डेकॉट पदक घेऊन गेलं, आणि न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने २०२० साली सव्वाशे वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा सगळ्यांत जास्त वेळा घरी नेलेलं पुस्तक तेच निघालं, ४,८५,५८३ वेळा. पण १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांनी ‘सॅटरडे रिव्ह्यू’त बालपुस्तकांतल्या फक्त गोऱ्या जगाबद्दल जो गाजलेला लेख लिहिला, त्यात या पुस्तकालाही चिमटा होता: पीटर ठीक, पण आईचं चित्र बघा, भडक चौकड्यांच्या झग्यातली अवाढव्य बाई, जुन्या मोलकरणीच्या साच्यातली. चिमटा बरोबर होता. मुलगा फोटोंतून आलेला, म्हणून तो जिवंत. त्या पट्टीत आई नव्हती, म्हणून ती साच्यातून आली. लॅरिकनी तीन वर्षांतली ५,२०६ पुस्तकं तपासली होती. मजकुरात किंवा चित्रात एक तरी काळा माणूस असलेली निघाली ३४९.

त्यानंतरची उडी जॉन स्टेपटो या कृष्णवर्णीय लेखक-चित्रकाराची. सोळाव्या वर्षी सुरू केलेलं ‘स्टीव्ही’ १९६९ साली आलं आणि ‘लाइफ’ने ते अख्खं छापलं. आई दुसऱ्या कुणाचंतरी छोटं पोर सांभाळायला घेते आणि रॉबर्टला त्याचा वैताग येतो, एवढाच विषय. वर्णाचा उल्लेख नाही, अन्याय नाही, गौरव नाही. जाड काळ्या रेषा, भडक रंग, आणि रॉबर्ट बोलतो ते हार्लेम-ब्रुकलिनच्या गल्लीतलं बोलणं, व्याकरण दुरुस्त न करता. आपल्या घरी बोलतात तसं छापता येतं, हे पहिल्यांदा पाहिलेल्या मुलाला जे मिळालं असेल ते ‘मी हुशार आहे’ या वाक्यातून कसं मिळणार? ग्रामीण किंवा दलित लेखकांनी घरची बोली तशीच्या तशी छापायला सुरुवात केली तेव्हा काय झालं होतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

कातडीच्या रंगाचं काम मात्र भाषेपेक्षा कष्टाचं आहे. गडद त्वचा काळा रंग मिसळून होत नाही, ती राखेसारखी दिसते. रंगपेटीतून बर्न्ट अंबर आणि बर्न्ट सिएना घ्यायचे, सावलीसाठी त्यात अल्ट्रामरीन निळा, कधी जांभळा, आणि उजेड पडतो तिथे पांढऱ्याऐवजी फिकट निळसर किंवा केशरी झाक. कुणाच्या त्वचेखाली तांबूस असतं, कुणाच्या पिवळसर, कुणाच्या निळसर, आणि एकाच घरात तिन्ही असू शकतात. सगळं कुटुंब एकाच डबीतून रंगवलेलं दिसलं की चित्रकाराने माणसं पाहिली नाहीत असं समजावं. तळवे आणि तळपाय फिके, बोटांचे पेर आणि गुडघे जास्त गडद, वरचा ओठ खालच्यापेक्षा काळसर. हे सगळं जमलं तरी छपाईत माती होते. चार शाईंच्या छपाईत गडद तपकिरीवर काळी शाई चढली की ऊब मरते. कोट न केलेल्या कागदावर शाईचे ठिपके पसरतात, त्यामुळे आधीच गडद असलेला चेहरा आणखी गडद होऊन नाकडोळे बुडतात. म्हणून नमुनाप्रत पडद्यावर न बघता त्याच कागदावर काढून बघायची, काळी शाई कमी करून तपकिरी रंग बाकी तिघींतून उभा करायचा, आणि चेहऱ्यामागची पार्श्वभूमी गडद ठेवायची नाही. चित्रपुस्तक साधारण बत्तीस पानांचं असतं. त्यांतली तीन-चार पानं नावनिशाणीत जातात, उरतात चौदा-पंधरा जोडपानं. नायिकेचा चेहरा नेमका जोडपानाच्या मध्यावर आला तर अर्धा बांधणीत जातो. इतकी साधी गोष्ट, पण चुकते.

हे जमलेलं बघायचं असेल तर ‘क्राउन’ नावाचं चित्रपुस्तक उघडावं. डेरिक बार्न्सचा मजकूर, गॉर्डन जेम्सची तैलरंगातली चित्रं, २०१७. मुलगा न्हाव्याच्या खुर्चीत बसतो आणि उठतो तो राजा होऊन, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पैकीच्या पैकी गुण मिळवणार अशा तोऱ्यात. कपाळावरची रेष वस्तऱ्याने कशी सरळ ओढतात, बाजूचे केस खालून वर कसे विरत जातात, हे सगळं त्यात आहे. फुशारकी आहे, पण ती दुकानातलीच आहे.

आता उलटं उदाहरण. जानेवारी २०१६ मध्ये स्कोलॅस्टिक या मोठ्या प्रकाशकाने जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाढदिवसाच्या केकवर एक चित्रपुस्तक काढलं आणि दोन आठवडेही उलटायच्या आत बाजारातून परत घेतलं. वॉशिंग्टनचा आचारी हर्क्युलिस आणि त्याची मुलगी डिलिया, दोघं गुलाम. घरात साखर संपली म्हणून धावपळ, आणि पानापानावर हसरे चेहरे. लेखिका गोरी नव्हती, चित्रकार आणि संपादक दोघीही कृष्णवर्णीय. म्हणजे ‘लिहिणारं कोण’ हा प्रश्न विचारायलाच हवा, पण तेवढ्याने भागत नाही. गुलामगिरीचा उल्लेख मागच्या टिपेत होता, पण चार वर्षांचं मूल टीप वाचत नाही, चित्र वाचतं. खरा हर्क्युलिस २२ फेब्रुवारी १७९७ रोजी पळून गेला. तो वॉशिंग्टनचा वाढदिवस होता. म्हणजे खरी गोष्ट हातात असताना केक निवडला गेला.

दुःखाची गोष्ट आनंदात कशी विणायची, हे कृष्णवर्णीय चित्रकार फेथ रिंगोल्डकडून शिकावं. ‘टार बीच’ (१९९१) आधी एक गोधडी होती, कापडावर रंगवलेलं चित्र, लिहिलेली गोष्ट आणि भोवती शिवलेले कापडाचे तुकडे. पुस्तकाच्या पानांखाली तिचीच किनार चालते. १९३९चं हार्लेम, उकाड्याची रात्र, गच्चीवर जेवणं, पत्ते, गाद्या. आठ वर्षांची कॅसी तिथून उडते आणि खालचं सगळं आपलं करत जाते. जॉर्ज वॉशिंग्टन पूल तिचा, कारण तो बांधायला वडील होते. आणि युनियनची इमारतही ती वडिलांना देऊन टाकते, कारण वर्णामुळे युनियन त्यांना आत घेत नाही. एवढ्या एका वाक्यात अन्याय सांगून होतो, आणि पोरगी उडायची थांबत नाही.

मोजदादीचं थोडक्यात. विस्कॉन्सिन विद्यापीठातलं बालपुस्तक केंद्र १९८५ पासून हिशेब ठेवतंय. त्या वर्षी साधारण अडीच हजार पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची होती अठरा. २०१८च्या हिशेबात मुख्य पात्र कृष्णवर्णीय असलेली दहा टक्के, प्राणी आणि वस्तूंची सत्तावीस टक्के. हा आकडा मूड घालवतो खरा. या केंद्राची पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे: ‘त्यांच्याबद्दलची’ आणि ‘त्यांनी केलेली’ असे दोन रकाने वेगळे ठेवायचे. शाळेच्या किंवा घरच्या कपाटालाही ही पट्टी लावता येते. त्यात तिसरा रकाना घालावा: यांतली किती पुस्तकं गुलामगिरी, नागरी हक्क आणि थोर पुरुषांची आहेत, आणि कितींमध्ये मूल नुसतं सायकल शिकतंय, धाकट्या भावाशी भांडतंय, दात पाडतंय? फेब्रुवारीत, कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्यात, ग्रंथालयाच्या टेबलावर मांडलेल्या पुस्तकांत पहिल्या प्रकारचीच गर्दी असते. काळं असणं म्हणजे सोसणं, एवढंच त्यातून पोचतं. चार साध्या पुस्तकांमागे एक सोसण्याचं, हे प्रमाण मला वाजवी वाटतं.

अमेरिकेतल्या मराठी घरांत ही पुस्तकं येतात ती शाळेच्या दप्तरातून, आणि एका पुस्तकापाशी घरातली मोठी माणसं अडखळतात. अभिनेत्री लुपिता न्योंगो यांचं ‘सुल्वे’ (२०१९, चित्रं वाष्टी हॅरिसन). आई पहाटेच्या रंगाची, बाबा संध्याकाळच्या, बहीण भर दुपारच्या आणि सुल्वे मध्यरात्रीच्या. ती खोडरबराने कातडी खोडायला बघते, आईचा मेकअप फासते, फक्त उजळ रंगाचे पदार्थ खाते, देवाला साकडं घालते. हे पान वाचताना आपल्याकडचं डाळीचं पीठ, हळद, दुधावरची साय, ‘नाकीडोळी नीटस पण रंगाने जरा’ हे सगळं डोळ्यांपुढे येतंच. यायला हरकत नाही. पण तिथेच थांबून ‘आमच्याकडेही असंच’ म्हणत पुस्तक मिटणं ही मखलाशी आहे. सुल्वेचा रंग आणि आपल्या घरातला सावळा रंग यांच्यामागचा इतिहास एक नाही. शिवाय ज्या घरात वधूसंशोधनाच्या यादीत ‘गोरी’ पहिल्या तीनांत असते, तिथे शाळेतल्या काळ्या वर्गमित्राबद्दल काय बोललं जातं हेही मुलं ऐकत असतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. ते नातं सांगायचं तर आपल्या जेवणाच्या टेबलावरचं बोलणंही तपासावं लागतं.

वाचून दाखवताना काही गोष्टी सांभाळाव्यात. पहिल्या वाचनात थांबून ‘बघ, किती छान रंग आहे तिचा’ म्हणू नये, गोष्ट आधी गोष्ट म्हणून पुरी होऊ द्यावी. दुसऱ्या वेळी मुलालाच चित्र दाखवायला सांगावं, त्याला भांग, बोनेट, मामाची सोन्याची साखळी आपोआप दिसते. वर्गात एकच कृष्णवर्णीय मूल असेल तर त्याच्याकडे वळून ‘तुमच्याकडे असंच करतात ना?’ हा प्रश्न कधीही नको. पुस्तक त्याच्यासाठी होतं, त्या एका प्रश्नाने तेच मूल प्रदर्शनात मांडलं जातं. दाद देत म्हणायची पुस्तकं दोघातिघांनी वाटून म्हणावीत. आणि ज्या बोलीशी आपली ओळख नाही तिची नक्कल करू नये, शब्द जसे आहेत तसे आपल्या साध्या आवाजात वाचले तरी पुरतात.

विकत घेताना छोट्या प्रकाशकांकडे आधी बघावं. वेड आणि शेरिल हडसन यांना १९८०च्या दशकात मोठ्या प्रकाशकांनी ‘याला बाजार नाही’ म्हणून परत पाठवलं. त्यांनी १९८७ साली स्वतःच वर्णमालेचं पुस्तक काढलं, ज्यात काळी मुलं अंग वाकवून ए, बी, सी होतात, आणि पुढच्या वर्षी जस्ट अस बुक्स ही प्रकाशन संस्था सुरू केली. छोट्या प्रकाशकांच्या आवृत्त्या लवकर संपतात आणि पुन्हा निघतीलच असं नाही, त्यामुळे दिसलं की घ्यावं. परदेशातल्या सार्वजनिक ग्रंथालयात नसेल तर खरेदीसाठी सुचवायचा अर्ज असतो, तो भरावा. एका वाचकाची मागणीही तिथे नोंदली जाते. ‘द ब्राउनीज बुक’चे जुने अंक लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. छपाई फिकी आहे, काही फोटो काळवंडलेत, पण मुलांच्या पत्रांचं पान स्वच्छ लागतं. सुरुवात तिथूनच करावी.